पडीक म्हटलेली टेकडी

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी मोबाइलवर आली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो आणि ती पुन्हा एकदा वाचतो. गेवराई तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावात बसून समुद्राची काळजी करणारा माणूस म्हणजे गावाला फुकटची करमणूक. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, तो दर जूनमध्ये न चुकता विचारतो, "कावून रं बापू, तुझं जहाज बुडालं का?" मीही न चुकता हसतो. यंदा मात्र मला हसू आलं नाही. यंदा दादाने नदीकाठच्या रेताड टेकाडावर घर बांधायचं ठरवलं होतं, आणि मी ते होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

नोकरीची पहिली अकरा वर्षं मी कोकणात काढली. आमच्याकडच्या डीएड झालेल्या पोरांना तेव्हा जागा मिळायच्या त्या तिकडेच. शिरूर कासारची माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर पडतात, आम्ही जूनमध्ये खडू घेऊन पडलो, एवढाच फरक. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, आईने बांधून दिलेली धपाटी, आणि पोचल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीचा ध्यास. तिकडची माणसं आम्हाला घाटावरचे मास्तर म्हणायची. त्यात थोडी चेष्टा असायची आणि थोडी माया. पहिल्या वर्षी मला फक्त चेष्टाच ऐकू यायची.

माझी शाळा समुद्राला इतकी खेटून होती की पाढे म्हणताना पोरांना लाटेपेक्षा मोठा आवाज काढावा लागायचा. शाळा आणि समुद्र यांच्यामध्ये एक वाळूची टेकडी होती. दीड पुरुष उंच, शाळेच्या इमारतीपेक्षा थोडी जास्त लांब. तिच्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली, एका टोकाला केवड्याचं बन. पावसाळ्यात त्या बनात साप असतात म्हणून पोरं तिकडे जायची नाहीत. टेकडीच्या अलीकडे शाळा, आणि शाळेच्या मागे ताराकाकूंचं चिऱ्याचं घर. काकू शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांच्या परसात एक विहीर होती. खाऱ्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर असूनही तिचं पाणी गोड होतं. मला त्याचं नवल वाटायचं, पण ते तसं का आहे असा प्रश्न मला कधी पडला नाही. प्रश्न पडायची सवय मी पोरांना लावत होतो, स्वतःला नाही.

वाळूकडे बघायची गेवराईच्या माणसाची नजर वेगळी असते. आमच्याकडे वाळू म्हणजे हायवा, टिप्पर, रस्त्यावरची धूळ आणि तहसीलसमोरची गर्दी. वाळूवरून भावाभावांचं बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत. अशा मुलखातून गेलेल्या माणसाला शाळेसमोर एवढा ढीग नुसता पडलेला दिसला की त्याचे हात शिवशिवणारच. त्यात शाळेला मैदान नव्हतं. कबड्डीचं मैदान नसलेली शाळा म्हणजे बिनचुलीचं घर, असं आमच्याकडे मानतात, निदान मी तरी मानत होतो. मी शाळा समितीच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो की ही जागा पडीक आहे, वापरात आणू या. 'पडीक' हा शब्द मी तेव्हा किती सहज वापरला! वर्गात त्याच महिन्यात मी भूगोलाचा धडा शिकवला होता. वाऱ्याने साठणारी वाळू, तिचा चढ, तिचा उतार, सगळी आकृती फळ्यावर रंगीत खडूने काढली होती. खिडकीबाहेर तीच आकृती उभी होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून फळ्याकडे बोट दाखवत होतो.

बैठकीत कुणी फारसा विरोध केला नाही. मास्तर शिकलेला, वरून उत्साही. एकट्या ताराकाकू पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तरांनू, माझ्या सासऱ्यान पण कधी ती टेकडी शिवूक नाय." मी म्हणालो की काकू, तुमच्या सासऱ्यांच्या वेळी जेसीबी कुठे होता? सगळे हसले. काकूही हसल्या, आणि खिचडी करपेल म्हणून आत गेल्या.

दिवाळीनंतर दोन दिवसांत टेकडी बसली. मर्यादवेलीच्या मुळ्या हातभर नव्हे, पाचपाच हात लांब निघाल्या, दोराच्या गुंडाळ्यांसारख्या. पोरांनी त्या दोरीउडीला घेतल्या. खालच्या अंगाची वाळू जरा ओलसर होती, तिला गार वास होता. ती आम्ही शाळेच्या कुंपणभिंतीच्या मालात कालवली, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या भिंतीला पांढरा मिठाचा कोंब फुटला. पण तो हिवाळा मोठ्या आनंदात गेला हे कबूल केलं पाहिजे. फक्कीने आखलेल्या रेषा, संध्याकाळचं तांबूस ऊन, पोरांचा कबड्डीचा दम, आणि आता अडथळा नसल्यामुळे थेट अंगावर येणारा समुद्राचा वारा. मला वाटायचं, केवढी हवेशीर झाली शाळा. मेच्या सुटीत गावी आलो तेव्हा दादाला सगळं रंगवून सांगितलं. त्याने ते पारावर आणखी रंगवून सांगितलं. आमच्या बापूनं समुद्राला मागं सारून मैदान केलं, असं तो म्हणायचा. मी खोडून काढलं नाही.

मग जून आला. शाळा उघडून आठवडा झाला असेल. सकाळपासून आभाळ विटकरी दिसत होतं आणि वारा एकाच दिशेने, न थांबता, दाबल्यासारखा वाहत होता. वादळ किनाऱ्याला धडकणार नाही, दुरून जाईल, असं सांगितलं होतं, आणि ते खरोखर दुरूनच गेलं. दहा वाजता मी पोरांना घरी पाठवलं. भरती दुपारची होती. मी आणि ताराकाकू शाळेच्या व्हरांड्यात भांडी आवरत उभे होतो. मला वाटलं होतं, समुद्र येतो म्हणजे भिंतीएवढी लाट येते. तसं काही झालं नाही. पाणी जिभेसारखं सपाट आलं. फेसाची कड पुढे सरकली, मैदानाच्या मधल्या रेषेपर्यंत आली, मागे गेली. पुढच्या वेळी ती मागे गेलीच नाही. आखलेलं सगळं मैदान तिने पुसलं, कुंपणभिंतीच्या बुडाची वाळू ओढून नेली, भिंत झोपली, आणि पाणी शाळेच्या दोन्ही बाजूंनी वळून काकूंच्या परसात शिरलं. तेही अगदी सावकाश, घर माहीत असल्यासारखं. काकूंच्या स्वयंपाकघराची मागची भिंत खाली बसली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. विहिरीचा काठ पाण्याखाली गेला तो मी डोळ्यांनी बघितला.

कुणाला इजा झाली नाही, हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. पण गोड विहीर गेली. पंप लावून तीनदा उपसली, तिन्ही वेळा खारंच पाणी वर आलं. तो अख्खा पावसाळा काकू वरच्या वाडीतल्या विहिरीवरून दोन कळशा आणायच्या आणि पोरांची खिचडी शिजवायच्या. मीही दोन कळशा घेऊन त्यांच्या मागे चालायचो. त्या पावसाळ्याचं मला काय काय आठवतं! ओठांवर सतत मीठ. दमटलेला फळा, त्याच्यावर खडू उमटायचा नाही. कुजलेल्या समुद्रशेवाळाचा वास आणि त्यात मिसळलेला चुलीवर वाळत घातलेल्या चादरींचा वास. पाऊलवाटेवर काकूंच्या पाठीमागून चालताना त्यांच्या टाचांच्या भेगा. बीडमध्ये पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बायका बघतच मी मोठा झालो. पण तिथे पाणी आभाळानेच दिलं नव्हतं. इथे धो धो पावसात एक बाई पाण्यासाठी चालत होती, आणि ती माझ्यामुळे चालत होती.

एके दिवशी मला राहवलं नाही. कळशी खाली ठेवून मी म्हणालो की काकू, मला एकदा शिव्या तरी द्या. त्या थांबल्या. पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "दर्यान कायव केल्यान नाय, मास्तरांनू. तेका वाट आमीच दाखवली." आम्ही! त्या 'आम्ही'मध्ये त्यांनी स्वतःला धरलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी चार दिवसांत मोकळा झालो असतो.

नंतर मी भूगोल नव्याने शिकलो, तो काकूंकडून आणि गावातल्या म्हाताऱ्या रापणकरांकडून. जाळं ओढून ओढून त्यांना किनारा पायांनी कळतो. ते सांगायचे, पावसाळ्यात समुद्र टेकडीची वाळू ओढून नेतो आणि समोर उथळात पसरून ठेवतो, म्हणून लाटा तिथेच फुटतात. पाऊस सरला की तीच वाळू हळूहळू परत आणतो, वारा ती उचलतो, वेल ती धरून ठेवते. किनाऱ्याची ती कणगी असते. अडचणीच्या महिन्यांत उपसायची, बरे दिवस आले की भरायची. आणि टेकडीच्या पोटात पावसाचं गोड पाणी साठून राहतं, ते खाऱ्याला अलीकडे येऊ देत नाही. मी कणगी फोडून तिच्या जागेवर कबड्डी खेळलो होतो. वर तिला पडीक म्हणालो होतो.

त्या वर्षी बदलीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी भरला नाही. घरी काय झालं असेल ते सांगायला नको. बायको फोनवर रडली, मग चिडली, मग बोलेनाशी झाली. पण मी हटलो नाही. पावसाळा संपल्यावर पोरांना घेऊन माडाच्या झावळ्यांची आडवी कुंपणं उभी केली, एकापुढे एक, गुडघ्याएवढी. वारा त्यांना धडकला की वाळू खाली टाकायचा. मर्यादवेलीचे तुकडे आणून पुरले. अर्धे मेले, पुन्हा पुरले. पुढच्या पावसाळ्यात समुद्राने निम्मी कुंपणं नेली, आम्ही पुन्हा उभी केली. टेकडी बसवायला दोन दिवस लागले होते. तिला माझ्या कमरेएवढी व्हायला चार वर्षं लागली. मग मी अर्ज भरला आणि घरी आलो. काकूंची विहीर तोवर गोड झाली नव्हती.

ही सगळी गोष्ट मी दादाला कधी सांगितली नव्हती. त्याच्या लेखी मी अजूनही समुद्राला मागे सारणारा होतो.

आणि आता त्याने टेकाड निवडलं. आमच्या शेताच्या नदीकडच्या टोकाला हा रेताड उंचवटा आहे. वडील उन्हाळ्यात त्याच्या खालच्या पात्रात टरबुजाची वाडी करायचे, आम्ही राखणीला बसायचो. दादाचं म्हणणं साधं आणि शेतकऱ्याच्या हिशेबाने बिनतोड होतं. काळ्या रानात घर बांधणं म्हणजे भाकरीवर पाय देणं. जे रान काही पिकवत नाही त्याच्यावर घर बांधावं. पोराचं लग्न काढायचं आहे, चार खोल्या हव्यात. तिथे वारा आहे, नदी दिसते, पाया खणायला दोन दिवस पुरतील. टेकडी बसवायलाही दोनच दिवस पुरले होते.

मी त्याला सांगून बघितलं की पात्रातली वाळू उपसून उपसून गंगा, म्हणजे आमची गोदावरी, खोल गेली आहे, तिच्या दरडी सुटायला लागल्या आहेत. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की पाणी पूर्वीसारखं पसरत येत नाही, काठ खात येतं. टेकाडाखाली एक बाभूळ आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्यापासून दरडीच्या कडेपर्यंत मी बावीस पावलं मोजली होती, यंदा चौदा भरली. दादा म्हणाला की तुझी पावलं मोठी झाली असतील, पेन्शन जवळ आल्यावर माणूस ऐटीत चालतो. मी म्हणालो की जे कुदळीला सोपं जातं ते पाण्यालाही सोपं जातं. त्यावर तो म्हणाला की शाळेत बोलतोस तसं बोलू नकोस. टेकाडाचा सातबारा अजून आम्हा दोघांच्या नावावर आहे. मी सही अडवू शकलो असतो. पण मला घर अडवायचं नव्हतं, वाचवायचं होतं, आणि सही अडवून भाऊ कधी ऐकत नाही, हे आमच्या तालुक्यात शिकवावं लागत नाही.

एका सकाळी तो टेकाडावर फक्की मारायला गेला. मीही गेलो. चार खुंट्या ठोकून झाल्या होत्या, सुतळी ताणलेली होती. फक्कीची पांढरी रेषा वाळूवर उमटली आणि मला ते मैदान दिसलं. मी रेषेच्या मधोमध खाली बसलो. दादाने विचारलं की चक्कर आली का? मी म्हणालो की नाही, बस, तुला एक सांगायचं आहे.

आणि मग मी सगळं सांगितलं. टेकडी, जेसीबी, काकूंचे सासरे, सपाट आलेलं पाणी, बसलेली भिंत, खारी झालेली विहीर, चार वर्षांच्या झावळ्या. समुद्राला मी मागे सारला नव्हता, त्याला मी एका बाईच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडला होता, हे सांगताना मला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने थोरल्या भावासमोर असं रडावं याची मला लाज वाटली, पण थांबवता आलं नाही. दादा ऐकत होता. हातातली फक्कीची पिशवी त्याने केव्हा खाली ठेवली ते मला कळलं नाही.

तो म्हणाला, "धाकल्या, इतकी वरसं हे पोटात घिऊन फिरलास? मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू पारावर लई मोठं करून सांगितलं व्हतं," मी म्हणालो.

तो दरडीकडे बघत राहिला. मग त्याने खरा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मी आठवडाभर टाळत होतो. इथं नको तर मग कुठं? काळ्या रानात पाया टिकत नाही, उन्हाळ्यात भुई फाटते आणि भिंती तडकतात. पोराचं लग्न थांबणार नाही.

उत्तर मला ठाऊक होतं. वाटणीत माझ्याकडे आलेल्या माळावर हातभर खणलं की पक्का मुरूम लागतो. रस्त्याला लागून, पुराच्या पाण्यापासून लांब. पण बदली होऊन आलो त्या वर्षी मी तिथे सीताफळं लावली होती. मुरमात खड्डे घेताना पहारीने हात सोलून निघाले होते, उन्हाळ्यात बादलीने पाणी घातलं होतं. ती आता दरवर्षी फळांनी लगडत होती. चार खोल्यांचं घर म्हणजे त्यातली अकरा झाडं जाणार, हे मी आधीच मोजून ठेवलं होतं. मोजताना मनात आशा होती की कुणी विचारणारच नाही.

"माळावर बांध," मी म्हणालो.

"तिथं तुझी झाडं हायत."

"हायत. घर तिथंच टिकल."

तो फक्कीची पिशवी उचलून गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. सुतळी तशीच ताणलेली राहिली. दादाला मी ओळखतो. एकदा सोडून दिलं की पुन्हा तो टेकाडावरच जाईल, कारण भावाची झाडं तोडून घर बांधलं असं कुणी म्हटलेलं त्याला चालणार नाही. त्याला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुऱ्हाड घेऊन मी माळावर गेलो. झाडांना नवी पालवी होती, पानांआड बारीक हिरव्या कळ्या लागल्या होत्या. सीताफळाचं लाकूड मऊ असतं, फार जोर लागत नाही, आणि तेच वाईट असतं. पान चुरगळल्यावर येतो तो उग्र वास सगळीकडे पसरला. पहिलं झाड पाडलं. दुसरं पाडताना मधेच थांबून मी पाणी प्यायलो, आणि पुन्हा घाव घातले. मला वाईट वाटत होतं आणि मी थांबणार नव्हतो, दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

तिसऱ्या झाडाशी आलो तेव्हा मागे चपलांचा आवाज झाला. दादा होता. त्याच्या काखेत टेकाडावरच्या चार खुंट्या होत्या आणि हातात गुंडाळलेली सुतळी. खुंट्यांच्या टोकांना वाळू चिकटलेली होती. पडलेल्या दोन झाडांकडे त्याने पाहिलं, वाकून एक कळी बोटांत धरून बघितली. मग खुंट्या मुरमावर ठेवल्या आणि माझ्या हातातली कुऱ्हाड घेतली.

"लावताना तू एकलाच व्हतास, अन् आमी लांबून हसत व्हतो," तो म्हणाला. "तोडताना तरी मला संगं घे."

आणि तिसऱ्या झाडावर पहिला घाव त्याने घातला.